तोंडातला व्रण आणि यंत्राची नजर

तोंड आले की पहिला उपचार स्वयंपाकघरातच होतो. कोणी तूप लावते, कोणी साय. ‘उष्णता वाढली’ हे निदानही घरातलेच! साधा व्रण दुखतो खूप, पण एक-दोन आठवड्यांत बराही होतो. तोंडाच्या कर्करोगाची सुरुवात मात्र अनेकदा न दुखणाऱ्या जखमेने किंवा पांढऱ्या-लाल चट्ट्याने होते. दुखत नाही म्हणून माणूस थांबतो आणि तिथेच घात होतो. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार भारतीय पुरुषांत ओठ व तोंडाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे.

वेळीच पाहिले तर जीव वाचतो. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी लोकांची तोंडे नुसत्या नजरेने तपासली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले या रोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे २००५मध्ये प्रसिद्ध झाले.

हीच नजर आता संगणकाला दिली जात आहे. या पद्धतीला ‘डीप लर्निंग’ म्हणतात. साधे व्रण, तापानंतर ओठावर उठणारे फोड, बुरशीचा पांढरा थर, संशयास्पद चट्टे अशी हजारो छायाचित्रे तज्ज्ञांच्या निदानासह संगणकाला दाखवतात. नियम कोणी सांगत नाही. रंग, कडा, पोत यांतले फरक तो स्वतःच टिपतो. मग नवे छायाचित्र पाहून कोणती शक्यता किती, हे सांगतो. जिथे तज्ज्ञ नाही, तिथे कोणाला पुढे पाठवायचे हे ठरवायला आरोग्यसेविकेला त्याची मदत होऊ शकते.

पण त्याने पाहिले तेवढेच त्याला कळते. साध्या व्रणांची सगळी छायाचित्रे मोबाइलवरची आणि कर्करोगाची रुग्णालयाच्या लख्ख प्रकाशातली असतील, तर तो रोगाऐवजी प्रकाशच ओळखायला शिकेल! मिश्रीने काळवंडलेली तोंडे त्याने पाहिलीच नसतील, तर तिथेही तो फसेल. शिवाय डॉक्टर विचारतात, ‘किती दिवस झाले?’ बोटाने दाबून जखम कडक आहे का, हेही पाहतात. छायाचित्रात ना दिवस दिसतात, ना कडकपणा. कर्करोगाचे पक्के निदान तर तुकडा काढून तपासल्यावरच होते.

म्हणून यंत्राने ‘दाखवून घ्या’ म्हटले तर जरूर ऐका. ‘काही नाही’ म्हटले तरी कॅलेंडर पाहा. दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तर दंतवैद्याकडे जा. दुखत नसेल तरीही!