आठशे वर्षांनी पुन्हा घुमलेले स्वर



इ. स. ११७८ मध्ये जर्मनीतील ऱ्हाइन नदीच्या काठी, बिंगेन गावानजीकच्या रूपर्ट्‌सबर्ग मठात गायन बंद पडले. माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी तसा आदेश काढला होता. पूर्वी चर्चने बहिष्कृत केलेल्या एका सरदाराचे दफन या मठाच्या भूमीत झाले होते व ते प्रेत उकरून बाहेर काढावे, अशी त्यांची आज्ञा होती. मठाच्या प्रमुख हिल्डेगार्ड यांनी ती मानली नाही. मृत्यूपूर्वी त्या गृहस्थाचा चर्चशी समेट झालेला होता, असे त्यांचे म्हणणे होते. परिणामी मठातील भगिनींना गाण्याची मनाई झाली. दारे लावून, हलक्या आवाजात प्रार्थना वाचण्याइतकीच मुभा उरली.

हिल्डेगार्ड तेव्हा ऐंशी वर्षांच्या होत्या. त्यांनी धर्माधिकाऱ्यांना एक दीर्घ पत्र लिहिले. मानवाला स्वर्गातील मूळ स्वराची आठवण संगीतामुळे होते, म्हणूनच सैतानाला संगीत सहन होत नाही. पुरेसा विचार न करता ईश्वराची स्तुती बंद पाडणाऱ्यांनी आपण काय करीत आहोत हे पाहावे, असा त्या पत्राचा आशय आहे. ११७९ च्या मार्चमध्ये बंदी उठली आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी हिल्डेगार्ड यांनी देह ठेवला. गायनाचा हक्क त्यांनी परत मिळविला खरा, परंतु त्यांची गीते पुढे शतकानुशतके मूकच राहिली. ती पुन्हा लोकांच्या कानी कशी आली, याची हकीकत आज पाहावयाची आहे.

हस्तलिखितांचा प्रवास

हिल्डेगार्ड यांचा जन्म १०९८ चा. लहानपणीच त्यांना धर्मकार्यास वाहण्यात आले आणि डिझिबोडेनबर्गच्या मठात त्या वाढल्या. ११५० च्या सुमारास त्यांनी रूपर्ट्‌सबर्ग येथे स्वतःचा मठ उभारला. धर्मचिंतन, वैद्यक, वनस्पती आणि खनिजे या विषयांवर त्यांनी ग्रंथरचना केली. त्यांची सुमारे सत्याहत्तर गीते आणि ‘ओर्दो व्हिर्तुतुम’ हे संगीतनाट्य आज उपलब्ध आहे. सद्‌गुण आणि सैतान यांच्यात एका जीवात्म्यासाठी चाललेला झगडा या नाट्यात आहे. त्यातील सद्‌गुण गातात, आत्मा गातो. सैतान मात्र केवळ ओरडतो. त्याला गाणे दिलेलेच नाही. आठ शतकांपूर्वीच्या नव्हे, तर अगदी आजच्या नाटककारालाही सुचल्यास अभिमान वाटावा, अशी ही योजना आहे.

ही गीते प्रामुख्याने दोन हस्तलिखितांत टिकली. त्यांपैकी एक आज बेल्जियममध्ये आहे. दुसरे जर्मनीतील वीसबाडेनच्या ग्रंथालयात असून त्याचे वजन सुमारे पंधरा किलो भरते. त्यामुळे त्याला ‘महाग्रंथ’ या अर्थाचे नाव पडले आहे. रूपर्ट्‌सबर्गचा मठ तीस वर्षांच्या युद्धात, १६३२ मध्ये उद्ध्वस्त झाला, परंतु ग्रंथ वाचला. दुसऱ्या महायुद्धात तो सुरक्षिततेसाठी ड्रेस्डेनच्या बँकेतील तिजोरीत हलविण्यात आला. १९४५ च्या बाँबवर्षावात ते शहर भस्मसात झाले, तरी तिजोरीतील हा ग्रंथ शाबूत राहिला व एका विदुषीच्या धाडसामुळे १९४८ मध्ये स्वगृही परतला. त्याच्याबरोबर गेलेली हिल्डेगार्ड यांच्या दुसऱ्या ग्रंथाची मूळ सचित्र प्रत मात्र कायमची नाहीशी झाली. आयबिंगेनच्या मठातील भगिनींनी युद्धापूर्वीच हाताने तिची नक्कल करून ठेवली होती, म्हणून ती चित्रे आज निदान नकलेच्या रूपाने पाहता येतात. याच मठातील दोन भगिनींनी एका संगीतपंडिताच्या साहाय्याने १९६९ मध्ये हिल्डेगार्ड यांच्या गीतांची स्वरलिपीसह आवृत्ती प्रसिद्ध केली.

लिपीत काय असते, काय नसते

ग्रंथ हाती आला म्हणजे गाणे हाती आले, असे मात्र नाही. युरोपातील हे प्राचीन धर्मगायन एकाच स्वररेषेवर चालते. त्याची भाषा लॅटिन. नवव्या शतकापर्यंत ते केवळ मुखोद्गत होते. त्यानंतर अक्षरांच्या डोक्यावर बारीक खुणा करण्याची पद्धत आली. स्वर चढतो की उतरतो एवढेच या खुणा सांगत. ज्याला चाल आधीच पाठ आहे, त्याला आठवण करून देणे हाच त्यांचा उपयोग. अकराव्या शतकात इटलीतील ग्विदो दारेझ्झो याने रेषांची योजना सुधारून घेतली आणि स्वरांना ‘उत, रे, मी, फा, सोल, ला’ ही नावे दिली. तेव्हापासून न ऐकलेले गाणेही कागदावरून वाचता येऊ लागले.

हिल्डेगार्ड यांची गीते अशा रेषांवर लिहिलेली असल्याने त्यांचे स्वर बहुतांशी निश्चित सांगता येतात. परंतु लय कोणती, कोणता स्वर किती काळ धरावयाचा, कोठे आंदोलन द्यावयाचे, आवाज कसा लावावयाचा, यांविषयी लिपी मुकी आहे. षड्‌जाची पट्टीही गायकांनीच ठरवावयाची. ज्यांनी गुरुमुखातून बंदिश घेतली आहे, त्यांना ही अडचण फोड करून सांगावी लागणार नाही. बंदिशीचे स्वरलेखन पुस्तकात असते. गायकी पुस्तकात नसते.

सोलेमपासून कोलोनपर्यंत

या मौनाला वाचा फोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न फ्रान्समध्ये झाला. राज्यक्रांतीत बंद पडलेला सोलेमचा मठ प्रोस्पेर गेरांजे यांनी १८३३ मध्ये पुन्हा सुरू केला. तेथील साधूंनी युरोपभरची हस्तलिखिते जमवून, ताडून पाहून ग्रेगोरियन गायनाचे शुद्ध रूप निश्चित करण्याचा उद्योग आरंभिला. १८८९ पासून त्यांनी जुन्या हस्तलिखितांच्या छायाचित्रित प्रती प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी या गायनाला चर्चसंगीताचा आदर्श ठरविले. सोलेमची संथ, समतोल, शब्दाला जपणारी गायनशैली जगभर पोहोचली ती या मार्गाने.

पुढचे पाऊल मठाबाहेरील गायकांनी टाकले. बार्बरा थॉर्नटन आणि बेंजामिन बॅग्बी या दोघा अमेरिकन कलावंतांनी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे प्राचीन संगीताचे शिक्षण घेतले आणि १९७७ मध्ये जर्मनीतील कोलोन येथे ‘सेक्वेन्शिया’ हा गायनवृंद स्थापन केला. हिल्डेगार्ड यांची सर्व गीते ध्वनिमुद्रित करण्याचा संकल्प त्यांनी सोडला. १९८२ मध्ये ‘ओर्दो व्हिर्तुतुम’ने प्रारंभ झाला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये क्रिस्टोफर पेज यांच्या ‘गॉथिक व्हॉइसेस’ या वृंदाने हिल्डेगार्ड यांच्या गीतांची ध्वनिमुद्रिका काढली व तिला अनपेक्षित लोकप्रियता लाभली.

थॉर्नटन यांनी स्त्रियांचा स्वतंत्र वृंद घडविला, कारण ही गीते मुळात स्त्रियांच्या कंठासाठी होती. त्यांच्या कामाची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. प्रथम लॅटिन शब्दांचे उच्चारण व अर्थ, मग चाल मुखोद्गत करणे, आणि त्यानंतर सर्व कंठांचा एक श्वास जुळविणे. हिल्डेगार्ड यांच्या चाली दीड-दोन सप्तकांत संचार करतात. एकेका शब्दावर स्वरांची लांबच लांब मालिका येते. कागदावर नजर ठेवून गाणाऱ्याला ती झेप साधत नाही. १९९८ हे हिल्डेगार्ड यांच्या जन्माचे नऊशेवे वर्ष. त्याच वर्षी थॉर्नटन यांचे अकाली निधन झाले. उरलेला भाग बॅग्बी यांनी पुढे नेला आणि २०१३ मध्ये अखेरची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध होऊन संकल्प सिद्धीस गेला. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१२ मध्ये, पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी हिल्डेगार्ड यांना चर्चच्या आचार्यपदाचा मान दिला होता.

मतभेदांचे मोल

या पुनरुज्जीवनाविषयी एकमत नाही, आणि ते नसणेच हितावह होय. फ्रान्समध्ये मार्सेल पेरेस यांनी १९८२ मध्ये ‘ऑर्गानुम’ हा वृंद स्थापिला. सोलेमची संथ शैली ही एकोणिसाव्या शतकाची अभिरुची आहे, मध्ययुगाची नव्हे, असा त्यांचा आक्षेप. त्यांनी ग्रीक चर्चमधील गायकांना आणि कॉर्सिका बेटावरील परंपरागत गायकांना सोबत घेतले. त्यांच्या गायनात अखंड आधारस्वर आहे, कंप आणि अलंकार आहेत. जिवंत मौखिक परंपरेत जुन्याचे अवशेष सापडतात, ही त्यामागील धारणा. उलट, एका प्रदेशाची आजची रीत दुसऱ्या प्रदेशाच्या आठशे वर्षांपूर्वीच्या गाण्याला लावण्यास आधार काय, असे टीकाकार विचारतात.

दुसरा प्रश्न याहून गंभीर आहे. जे गायन दिवसाच्या ठरावीक प्रहरी उपासनेसाठी होते, ते तिकीट लावून रंगमंचावर आणावे काय? १९९४ मध्ये स्पेनमधील सांतो दोमिंगो दे सिलोस मठातील साधूंची जुनीच ध्वनिमुद्रणे नव्या वेष्टनात बाजारात आली आणि लाखांनी खपली. कित्येकांनी ती मनाचा ताण घालविण्याचे साधन म्हणून विकत घेतली. यात उपासनेचे अवमूल्यन झाले, असे काहींना वाटले. परंतु १९६० च्या दशकातील व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषांतील प्रार्थना रूढ होऊन लॅटिन गायन बहुतेक चर्चमधून मागे पडले होते, हेही विसरता येत नाही. अशा काळात या वृंदांनी ते ऐकण्याची सवय तरी जिवंत ठेवली.

पुनर्रचना किती कष्टाची असते, याचे एक उदाहरण बोलके आहे. केंब्रिजच्या अकराव्या शतकातील एका गीतसंग्रहाचे एक पान हरवले होते. ते १९८२ मध्ये फ्रँकफर्टच्या ग्रंथालयात सापडले. त्या पानावर बोएथियसच्या काव्यावरील स्वरखुणा होत्या. केंब्रिजचे संशोधक सॅम बॅरेट आणि गायक बॅग्बी यांनी मिळून त्या खुणांतून चाली उभ्या केल्या व २०१६ मध्ये त्या जाहीररीत्या गायिल्या गेल्या. विद्वानाने सुचवावे, गायकाने गाऊन पाहावे, कंठाला जे मानवत नाही ते पुन्हा तपासावे, असा तो क्रम होता.

आपल्या दाराशी

हा विषय आपल्याला अगदीच परका नाही. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चशाळांमधून मुलांना धर्मगायन आणि स्वरलिपी शिकविली जाई. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात गायिले जाणारे लॅटिन ‘मोतेत’ गोमंतकीय रचनाकारांनी निर्माण केले असून गावोगावच्या चर्चमध्ये ते वह्यांतून जपले गेले. दमट हवा आणि वाळवी यांना हस्तलिखिताचे मोल कळत नसते. वृद्ध गायकांच्या कंठातील चाली तर वहीइतक्याही टिकत नाहीत.

हिल्डेगार्ड यांच्या गीतांसाठी भगिनींनी नकला केल्या, विदुषीने ग्रंथ परत आणला, पंडितांनी आवृत्ती काढली आणि अखेरीस गायकांनी वीस-तीस वर्षे कंठ झिजविला. यांतला एक जरी दुवा निखळला असता, तरी आज ऐकावयास काही उरले नसते. ज्यांच्यापाशी अशा वह्या आहेत, ज्यांच्या घरी अशा चाली जाणणारी वडीलधारी माणसे आहेत, त्यांनी ते गाणे ती माणसे असतानाच उतरवून, मुद्रित करून ठेवावे. आठशे वर्षांनंतर लय कोणती असेल याचा तर्क करण्यापेक्षा, आज ती विचारून घेणे पुष्कळच सोपे आहे.