छताच्या आत दडलेला जॉइंट



कर्जत स्टेशनला लागून असलेल्या आपल्या भिसेगावात नवं घर घेतलं की हॉलला फॉल्स सीलिंग आणि त्यात गोल एलईडी दिवे, हे आता ठरूनच गेलंय. दिवे छान दिसतात. मला बोलायचंय ते सीलिंग आणि स्लॅब यांच्यामधल्या वीतभर पोकळीबद्दल.

कामाच्या घाईत तिथे दोन वायरी पिळतात, काळी टेप गुंडाळतात आणि खालून जिप्समचा बोर्ड ठोकून मोकळे होतात. इथला पाऊस कसा असतो, हे कर्जतकरांना सांगायला नको. स्लॅबमधून ओल उतरते, टेप सुटते आणि ऐन रात्री आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारी कळ, पडते. तिचं चुकत नाही. घरातली आरसीसीबी 30 मिलिअँपियरच्या गळतीला पडावी अशीच बनवलेली असते. वायरमन येतो, एकेक सर्किट बंद करत हॉलपर्यंत पोचतो आणि तिथेच अडतो. जॉइंट कुठेय कोण जाणे, वर हात घालायला जागाच नाही. मग छत फोडा!

सैल जॉइंट तर याहून वाईट. तो आतल्या आत तापत राहतो, पण करंट वाढत नाही, म्हणून एमसीबी पडत नाही. कळतं तेव्हा जळका वास आलेला असतो.

वायरिंगचं भारतीय मानक आहे, आयएस 732; ते 2019 साली सुधारलं. जोड तपासता, दुरुस्त करता येईल असा हाताशी हवा, हा त्यातला नियम. लेप ओतून कायमचे बंद केलेले जोड वगैरे मोजके अपवाद. अमेरिकेतला नियमही तसाच: इमारतीचा कुठलाही भाग न फोडता जंक्शन बॉक्स, म्हणजे जोड ठेवायची डबी, उघडता आला पाहिजे.

आणि जोड असा हाताशी ठेवणं अवघड मुळीच नाही. दिवा दोन स्प्रिंगांवर अडकवलेला असतो. मेन बंद करून तो हलकेच खाली ओढला की भोक मोकळं होतं. बॉक्स त्या भोकालगतच ठेवायचा, वायर हातभर जास्त सोडायची, जोड टेपऐवजी कनेक्टरने करायचा. भोक लहान असेल तर सुताराकडून शेजारी झाकणाची एक छोटी खिडकी करून घ्यायची. बोर्ड ठोकण्याआधी पोकळीचे फोटो काढा, भिंतीपासूनचं अंतर दिसेल असा मेजर टेप धरून. ते फोटो मीटरच्या कागदांबरोबर ठेवा, आणि घर विकलंत तर नव्या मालकाला द्या.