नौकेची बॅटरी : उघडी की बंदिस्त?

(किनाऱ्यावरील गावांचे पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



नारळी पौर्णिमेच्या सुमारास कोकण किनाऱ्यावर मासेमारीची लगबग सुरू होते. जाळी, डिझेल, बर्फ यांची तयारी चोख होते. बॅटरीची आठवण मात्र इंजिन सुरू होईनासे झाले म्हणजेच येते. भर समुद्रात बॅटरी बसली की दिवे विझतात, बिनतारी संच मुका होतो आणि अंधारातील ती नौका मोठ्या जहाजाला दिसत नाही. म्हणूनच बॅटरीची निवड हा केवळ खर्चाचा नव्हे, तर खलाशांच्या जीविताचा प्रश्न आहे.

शिसे व गंधकाम्ल यांची बॅटरी गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केली. आजचे दोन्ही प्रकार तिचेच वंशज होत. उघड्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्या पातळ आम्लात बुडालेल्या असतात. चार्ज होताना त्यातील थोड्या पाण्याचे वायू होऊन ते उडून जाते. ते वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटरने भरून काढावे लागते. बंदिस्त बॅटरीत आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेले किंवा जेलीसारखे घट्ट केलेले असते आणि निघालेल्या वायूंचे बहुतांशी आतच पुन्हा पाणी होते.

उघडी बॅटरी स्वस्त. झाकण काढून हायड्रोमीटरने तिची परीक्षा करता येते. पूर्ण चार्ज झालेल्या आम्लाचे विशिष्ट गुरुत्व साधारण १.२६ ते १.२८ भरते. परंतु नौका हेलकावली की आम्ल सांडते. आम्लात समुद्राचे पाणी शिरल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. शिवाय कोंदट जागेत हायड्रोजनचे प्रमाण हवेच्या चार टक्क्यांवर गेले, तर एक ठिणगीही स्फोटास पुरते.

बंदिस्त बॅटरी सांडत नाही आणि मासेमारी बंदीच्या काळात पडून राहिली तरी सावकाश उतरते. तथापि बंदिस्त म्हणजे निर्धास्त, ही समजूत चुकीची आहे. इंजिनाच्या उष्णतेत ती प्रमाणाबाहेर चार्ज झाली तर वायू झडपेवाटे निसटतो, आणि गेलेले पाणी पुन्हा घालता येत नाही. म्हणून ती बसविण्यापूर्वी चार्जिंगचा दाब जाणकाराकडून तपासून घ्यावा.

थोडक्यात, जेथे जागा हवेशीर आहे आणि तांडेल दर आठवड्यास पाण्याची पातळी पाहतो, तेथे उघडी बॅटरी उत्तम सेवा देते. जेथे जागा अडचणीची आहे आणि निगा राखणे कठीण आहे, तेथे बंदिस्त बॅटरीवर थोडा अधिक खर्च करणे श्रेयस्कर. दोन्ही प्रकार एकाच जोडणीत मात्र कदापि लावू नयेत. पावसाळ्यात नौका शाकारताना बॅटरी पूर्ण चार्ज करून किनाऱ्यावर आणावी व महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करावी.

निकामी बॅटरी अंगणात फोडणे घातक आहे. शिसे मुलांच्या मेंदूस अपाय करते. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पंचायतींनी त्या विक्रेत्यामार्फत परत पाठविण्याची व्यवस्था लावावी आणि शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला हायड्रोमीटर मुलांच्या हाती द्यावा. त्या मुलांनी घरी जाऊन बॅटरीतील पाण्याची चौकशी केली, तरी पुष्कळ काम होईल.