मोरपिसांची टोपी आणि पेटीतली कसर



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक बाई मोठी पिशवी घेऊन आल्या. पिशवीत त्यांच्या सासऱ्यांची टोपी होती, वासुदेवाची, उंच, मोरपिसांची. सासरे पहाटे टाळ-चिपळ्या घेऊन गावोगाव फिरायचे. ते गेले, मुलं कंपनीत कामाला लागली आणि टोपी माजघरातल्या खुंटीवर तशीच राहिली. आता नातीला ती शाळेत न्यायची होती, म्हणून खाली काढली, तर पिसं गळायला लागली. बाईंनी विचारलं, "ताई, नदीत सोडून देऊ का? घरात ठेवायला जीव होत नाही आणि टाकायलाही होत नाही."

मी म्हटलं, सोडू नका. आधी अंगणात पांढरं कापड अंथरू आणि तिला काय झालंय ते बघू. कापडावर टोपी ठेवून हलक्या हातानं टिचकी मारली. वाळूसारखे बारीक कण पडले, पोकळ साली पडल्या आणि एक केसाळ तपकिरी अळी पडली. टोपीला कसर लागली होती.

आपण कसर म्हणतो त्यात बारीक पतंगही आले आणि छोटे भुंगेही आले. घरात उडणारा पतंग कापड खात नाही, खाते ती त्याची अळी. तिला लोकर, केस, पिसं, कातडं लागतं. आपली नखं आणि केस ज्या प्रथिनाचे बनतात, त्याच प्रथिनाचं मोराचं पीस, मेंढीची लोकर आणि चवरीचे केस बनलेले असतात. कसरीच्या अळीला ते पचतं. म्हणून सुती लुगडं शाबूत राहतं आणि त्याच पेटीतल्या घोंगडीला भोकं पडतात. घाम, तेल, चुलीचा धूर बसलेली जागा तिला जास्त आवडते. अंधार आणि शांतता मिळाली की ती निवांत खाते. वर्षानुवर्षं न हलवलेली वस्तू म्हणजे तिला आयतं ताट.

ही गोष्ट एका टोपीपुरती नाही. आपल्या जिल्ह्यात मढीला कानिफनाथांची मोठी यात्रा भरते. नाथपंथी घरांत मोरपिसांचा मोरचेल असतो. कुणाच्या देव्हाऱ्यात याकच्या शेपटीच्या केसांची चवरी असते. धनगर घरात आजोबांची घोंगडी असते. सगळ्यांचा शत्रू एकच आणि उपायही बरेचसे सारखेच.

पहिला उपाय थंडीचा. वस्तू जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आतली हवा हातानं दाबून काढा, तोंड चिकटपट्टीनं घट्ट बंद करा. मग उणे 18 अंश किंवा त्याहून थंड अशा डीप फ्रीझरमध्ये सलग दोन आठवडे ठेवा. साध्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात अळी मरत नाही, नुसती सुस्त होते. घरी जागा नसेल तर एखाद्या दुकानदाराचा रिकामा पडलेला डीप फ्रीझर मागता येतो. भारनियमनात फ्रीझर गरम झाला तर दिवस पहिल्यापासून मोजा. आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. फ्रीजमधला तांब्या बाहेर ठेवला की त्याला कसं पाणी सुटतं? तसंच पाणी पिसांना सुटेल. एक पूर्ण दिवस पिशवी बंदच राहू द्या.

इथं एक सावधगिरी. पूर्वी अशा वस्तूंवर डीडीटी, गॅमेक्सिन अशा पावडरी सर्रास टाकत. जुन्या कातड्याला सोमलही लावलेला असू शकतो. पांढरी भुकटी दिसली किंवा घरातलं कुणी पावडर टाकल्याचं सांगत असेल, तर तोंडाला फडकं आणि हातात मोजे हवेत. ती वस्तू मुलांच्या हाती द्यायची नाही. खाण्याच्या वस्तू असलेल्या फ्रीझरमध्ये तर अशी कुठलीच जुनी वस्तू ठेवायची नाही.

नंतर सफाई. पीस धुवायचं नाही, तेल लावायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं नाही. चित्रकलेचा रुंद, मऊ ब्रश घ्या आणि देठाकडून टोकाकडे, एकाच दिशेनं, धूळ झटका. मोरपिसाची एक गंमत सांगते. त्याचा निळा-हिरवा रंग कापडासारखा रंगवलेला नसतो. पिसाच्या धाग्यांत डोळ्यांना न दिसणारी अतिबारीक रचना असते, तिच्यावर उजेड पडला की तो रंग दिसतो. म्हणून पीस चुरगळलं, मोडलं किंवा तुपकट झालं की झळाळी जाते आणि वरून रंग देऊन ती परत येत नाही. कडक उन्हात फार वेळ ठेवलं तर पीस ठिसूळ होतं. घोंगडीचं मात्र उलटं. तिला ऊन दाखवा, झटका, ब्रश मारा. आपल्या आज्या हेच करत होत्या आणि ते बरोबरच होतं.

आता ठेवायचं कसं? टोपी दुमडून किंवा दाबून ठेवू नका. मांजरपाट आणा, दोनदा धुऊन खळ काढा. त्याचा टोपीच्या आकाराचा बोळा आत भरा म्हणजे टोपी उभी राहील. वरून मांजरपाटाचीच सैल पिशवी घाला. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई लागते आणि कागद पिवळा पडून वस्तूही डागाळते. मोरचेल आणि चवरी पिशवीत घालून केस-पिसं खाली लोंबतील अशी टांगा. पेटी विटांवर ठेवा, भिंतीपासून आणि चुलीपासून लांब. अकोल्याच्या घाटमाथ्याकडच्या बायांनी पावसाळ्यात ओल सांभाळावी, कारण बुरशीही पिसं खराब करते. पाथर्डी-कर्जतकडे ओल कमी, पण धूळ फार.

कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळवून, पुरचुंडीत, वस्तूला न टेकवता ठेवा. त्यावरच विसंबू नका, आत शिरलेली अळी पाल्यानं मरत नाही. डांबराच्या गोळ्या तान्ह्या बाळाच्या कपड्यांत आणि लहान मुलांच्या हाती लागतील अशा जागी ठेवू नका, ते विष आहे. सगळ्यात खात्रीचं औषध म्हणजे दर तीन महिन्यांनी पेटी उघडून बघणं.

आणि कायद्याचं एक बोलते. मोर आपला राष्ट्रीय पक्षी आहे, 1963 पासून. आपसूक गळलेली पिसं घरात ठेवायला हरकत नाही, पण पिसांसाठी मोर मारणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गंभीर गुन्हा आहे. वाघ्याची जुनी व्याघ्रचर्माची पिशवी किंवा काळविटाचं कातडं घरात असेल तर त्याला मालकीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते विकता येत नाही. आपल्याच कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांचं अभयारण्य आहे. कुणी चांगला भाव देतो म्हणून आलं, तर भुलू नका. वन विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा.

त्या बाईंच्या टोपीची बरीच पिसं गेली, ती काही परत येणार नाहीत. उरलेली मात्र सफाई करून मांजरपाटाच्या पिशवीत उभी आहेत. पिशवीला आम्ही एक चिठ्ठी शिवली. टोपी कुणाची, ते कोणकोणत्या गावांत फिरायचे, कोणत्या साली थांबले, एवढंच तिच्यात आहे. नातीनं ती आजीला विचारून विचारून लिहिली. टोपी सांभाळली, पण कुणाची ते विसरलं, तर पुढच्या पिढीच्या हातात नुसती पिसं उरतील.

तेव्हा मैत्रिणींनो, उद्या हातातली कामं उरकली की खुंटीवरची, माळ्यावरची एक वस्तू खाली काढा. पांढऱ्या कापडावर ठेवा आणि हलकी टिचकी मारून बघा.