छपरावरचे पाणी टाकीत

छपराने झाकलेल्या १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १ लिटर पाणी मिळते. ५० चौरस मीटरच्या घरावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५००० लिटर. कोकणात जुलैमध्ये एवढा पाऊस एखाद्या दिवसातही कोसळतो. गळती आणि उडून जाणारे शिंतोडे वजा केले, तरी अंदाजे ४००० लिटर हाती लागते.

छपराच्या कडेने पन्हळ बसवून तिला पाइपाकडे किंचित उतार द्यावा. पाइपाच्या तोंडाशी जाळी हवी, नाहीतर पालापाचोळा थेट टाकीत उतरतो. सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके हेच अनेकदा राहून जाते, ते पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडणे. उन्हाळाभर साचलेली धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा त्याच पाण्यातून येते. त्यासाठी टाकीच्या अलीकडे पाइपाला फाटा काढून तोटी बसवतात. छप्पर धुऊन निघाले, की ती बंद करायची.

१००० लिटर पाण्याचे वजन १ टन भरते, म्हणून चौथरा सपाट आणि भक्कम हवा. टाकीत उजेड शिरला तर शेवाळ धरते, फट राहिली तर डास अंडी घालतात. म्हणून झाकण घट्ट, आणि जादा पाण्याच्या नळीलाही बारीक जाळी. ती नळी शोषखड्ड्यात किंवा विहिरीकडे वळवता येते.

हे पाणी धुणीभांडी, संडास आणि बागेसाठी थेट चालते. पिण्यासाठी मात्र ते गाळून, खळखळ उकळूनच घ्यावे. टाकी दरवर्षी मे महिन्यात रिकामी करून घासावी.