नोकरी सातासमुद्रापार, मालकी कुणाची?



गेल्या तीन दशकांत मराठी मध्यमवर्गीय घरांत 'आयटी' हा शब्द असा काही रुजला, की त्याचे मूळ इंग्रजी रूप विचारण्याची गरज कुणाला वाटेनाशी झाली. 'मुलगा आयटीत आहे' एवढे सांगितले, की विवाह जुळविणाऱ्यांचे निम्मे काम होत असे. या नोकरीने कित्येक घरांतील कर्ज फिटले, पुण्यात सदनिका झाली, ज्या आईवडिलांनी आयुष्यात काशीयात्रेपलीकडे प्रवास योजला नव्हता, ते न्यू जर्सीला सहा महिने राहून आले. हे वैभव कष्टाचे आहे, त्याला कुणी नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु ही नोकरी आपल्या दारी आली ती कुणाच्या दारातून उठून आली आणि कोणत्या कारणाने आली, हा प्रश्न मात्र आपल्या घरांत क्वचितच विचारला गेला. आज तो विचारण्याची वेळ आली आहे. कारण ज्या हिशोबाने ती आली, त्याच हिशोबाने ती आता जाऊ पाहत आहे.

काम कसे आले?

१९७८ मध्ये आयबीएम या बलाढ्य अमेरिकी कंपनीने भारतातून काढता पाय घेतला. परकीय भांडवलाचा वाटा कमी करण्याची सरकारची अट तिला मान्य नव्हती. त्या काळात टीसीएससारख्या मोजक्या भारतीय कंपन्या संगणकाच्या क्षेत्रात धडपडत होत्या. फकीरचंद कोहली यांच्यासारखा द्रष्टा अभियंता तिचे नेतृत्व करीत होता. पुढे १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळूरमध्ये आपले केंद्र उघडले आणि उपग्रहाच्या दुव्याद्वारे येथील अभियंत्यांचे काम थेट अमेरिकेत पोहोचू लागले. १९९१ मध्ये केंद्र सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची संस्था उभी केली. निर्यातदारांना उपग्रह संपर्क आणि करसवलती मिळू लागल्या. माल बंदरातून न जाता तारेतून जाऊ लागला.

या व्यवहाराचे गणित सोपे होते. न्यूयॉर्क आणि पुणे यांच्या घड्याळात साडेनऊ ते साडेदहा तासांचे अंतर आहे. तिकडे सायंकाळी कचेरी बंद होताना सोपविलेले काम इकडे दिवसभर चाले आणि तिकडे सकाळी कुलूप उघडताना तयार मिळे. एका अमेरिकी अभियंत्याच्या वेतनात येथे इंग्रजी जाणणारे अनेक अभियंते मिळत. इसवी सन २००० च्या तोंडावर जगभरच्या जुन्या संगणकप्रणालींतील वर्षांचे दोन अंक चार करण्याचे प्रचंड आणि कंटाळवाणे काम निघाले. ते करण्यास पुरेसे हात पाश्चात्त्य देशांत नव्हते, आपल्याकडे होते. त्या निमित्ताने भारतीय अभियंत्याने परक्या कंपन्यांच्या माजघरात प्रवेश मिळविला आणि आपल्या गुणवत्तेने तेथे स्थान टिकविले.

गुणवत्ता होती, यात शंका नाही. परंतु गुणवत्ता अमेरिकेतही होती. काम इकडे वळविणाऱ्या संचालकांच्या वहीत पहिला रकाना खर्चाचा होता, हे सत्य आपण विसरलो.

तिकडच्या घरातील दुःख

ज्याची नोकरी गेली, त्या अमेरिकी अभियंत्याच्या बाजूनेही क्षणभर पाहिले पाहिजे. २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत हा विषय तेथे ऐरणीवर आला. परदेशी काम धाडणाऱ्या कंपनीप्रमुखांची तुलना जॉन केरी यांनी बेनेडिक्ट अर्नोल्डशी केली. अर्नोल्ड म्हणजे अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात शत्रूला मिळालेला सेनानी, आपल्याकडच्या सूर्याजी पिसाळासारखा निंदेचा धनी. त्याच वर्षी अध्यक्ष बुश यांचे आर्थिक सल्लागार ग्रेगरी मॅनक्यू यांनी, परदेशातून सेवा घेणे हाही व्यापाराचाच एक प्रकार असून दीर्घकाळात तो लाभदायक आहे, असे मत मांडले, तेव्हा त्यांच्यावर स्वपक्षीयांनीही टीकेची झोड उठविली. अर्थशास्त्रज्ञाचे गणित देशाच्या सरासरीवर चालते, पण नोकरी सरासरीची जात नसते. ती एका घरातील कर्त्या माणसाची जाते.

२०१५ च्या प्रारंभी फ्लोरिडातील डिस्नेच्या संगणक विभागातून सुमारे २५० कर्मचाऱ्यांना कमी करण्यात आले. जाण्यापूर्वी त्यांतील अनेकांना आपल्या जागी येणाऱ्या माणसांना काम शिकवावे लागले. या व्यवसायात त्यास 'केटी', म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, असे नाव आहे. शिकविणारा अमेरिकी होता आणि शिकणाऱ्यांत भारतातून गेलेले तरुण होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष देताना त्यांपैकी एका अभियंत्यास अश्रू आवरले नाहीत. आपले आसन दुसऱ्यास देण्यापूर्वी ते त्यालाच पुसून द्यावे लागणे, यातील अपमान समजण्यास अमेरिकी असण्याची आवश्यकता नाही. समोर बसलेला भारतीय तरुणही दोषी नव्हता. त्यानेही कर्ज काढूनच शिक्षण घेतलेले असणार. दोघांमध्ये उभा होता तो तिसराच, खर्चाचा रकाना.

कायद्याचे बांध आणि पाण्याची वाट

अमेरिकेने हा प्रवाह अडविण्याचे प्रयत्न केले नाहीत, असे नाही. एच-१बी परवान्यांची वार्षिक मर्यादा २००१ ते २००३ या वर्षांत १,९५,००० पर्यंत वाढविली होती, ती २००४ पासून पुन्हा ६५,००० वर आली. अमेरिकी विद्यापीठांतून उच्च पदवी घेणाऱ्यांसाठी पुढे २०,००० ची भर पडली. अलीकडच्या वर्षांत मंजूर होणाऱ्या या परवान्यांपैकी सत्तर टक्के वा त्याहून अधिक भारतीयांचे होते. सप्टेंबर २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी परदेशातून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलर शुल्क लावण्याची घोषणा केली. त्याच महिन्यात परदेशी सेवांवर होणाऱ्या खर्चावर २५ टक्के कर बसविणारे विधेयक सिनेटमध्ये मांडले गेले. संशोधन आणि विकासावरील जो खर्च देशात होतो तो त्याच वर्षी वजा करण्याची मुभा आणि जो परदेशात होतो त्याची वजावट १५ वर्षांत विभागण्याची सक्ती, असा भेद अमेरिकेच्या करकायद्याने २०२५ मध्ये पक्का केला.

परंतु पाणी उताराची वाट शोधते. माणसाला येऊ दिले नाही, तर काम माणसाकडे जाते. बड्या परदेशी कंपन्यांनी भारतात स्वतःच्या कचेऱ्या थाटल्या. 'ग्लोबल कॅपेबिलिटी सेंटर' असे त्यांचे नाव आहे. नॅसकॉम या उद्योगसंघटनेच्या अहवालानुसार २०२४ मध्ये देशात अशी १,७०० हून अधिक केंद्रे होती आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करीत होते. पुण्याच्या हिंजवडी, खराडी, बाणेर परिसरातील काचेच्या इमारतींत आज हेच चालते. तेथील काम पूर्वीपेक्षा वरच्या दर्जाचे आहे, वेतनही चांगले आहे. मात्र तेथे निर्माण होणाऱ्या प्रणालीवर नाव कुणाचे, पेटंट कुणाचे आणि नफा कुठे जमा होतो, याचे उत्तर बदललेले नाही.

गिरणगावाचा धडा

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संपाची कारणे आणि चुका यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तथापि एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात उशिरा आली. गिरण्यांचे भोंगे थांबले तरी बाजारात कापड येतच होते, कारण काम भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले होते. तेथे मजुरी कमी होती, कामाचे तास जास्त होते आणि मागमालक संघटित कामगारांच्या कायद्याच्या कक्षेबाहेर होता. लालबाग-परळच्या चाळींत ज्या कुशल हातांना आपल्यावाचून गिरणी चालणार नाही अशी खात्री होती, त्यांना कळले तेव्हा वेळ निघून गेली होती. त्यांच्यात कौशल्य होते, पण गिरणी त्यांची नव्हती आणि कापडावरचा शिक्काही त्यांचा नव्हता.

आज तोच हिशोब आपल्या संगणक अभियंत्यापुढे मांडला जात आहे. व्हिएतनाम, फिलिपिन्स, पोलंड, मेक्सिको हे देश स्पर्धेत आहेत. त्यांहूनही स्वस्त प्रतिस्पर्धी यंत्र हाच आहे. चाचणी घेणे, जुन्या प्रणालीची डागडुजी, ठराविक साच्याचा कोड लिहिणे, ही कामे करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता कचेऱ्यांत रुळली आहेत. आपल्या नवपदवीधरांना पहिल्या नोकरीत नेमकी हीच कामे मिळत. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे १२,००० च्या आसपास माणसे कमी करण्याचे जाहीर केले. मोठ्या सेवा कंपन्यांत नव्याने रुजू होणाऱ्या पदवीधराचे वार्षिक वेतन तर दीर्घकाळ तीन-चार लाख रुपयांच्या आसपासच घुटमळत राहिले आहे. या काळात घरभाडे मात्र घुटमळले नाही.

म्हणजे हे क्षेत्र बुडाले, असे मुळीच नव्हे. २०२४-२५ मध्ये नॅसकॉमच्या अंदाजानुसार या उद्योगाची उलाढाल २८० अब्ज डॉलरच्या पुढे होती आणि ५८ लाख लोकांना त्यात रोजगार होता. एवढा मोठा डोलारा एका दिवसात कोसळत नाही. परंतु स्वस्त असणे ही कायमची पुंजी नव्हे. आपल्यापेक्षा स्वस्त कुणी भेटले, की ती संपते.

शिक्का आपला हवा

यावर उपाय आहे आणि तो आपल्याच मातीत दिसतो. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या छोट्या दुकानापासून पुण्यात कैलास काटकर यांनी सुरुवात केली. त्यांचे बंधू संजय यांनी संगणकातील विषाणूंवर उतारा लिहिला आणि त्यातून 'क्विक हील' हे उत्पादन उभे राहिले. श्रीधर वेंबू यांच्या झोहोने तमिळनाडूतील तेनकाशीसारख्या ग्रामीण भागात तरुणांना घडवून जगभर विकली जाणारी उत्पादने तयार केली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने भाजीवाल्या मावशींच्या हातगाडीपर्यंत पैशाचे व्यवहार पोहोचविले आणि ही प्रणाली आपल्या देशाच्या मालकीची आहे. या तिन्हींमागे भारतीय अभियंताच आहे, तोच जो हिंजवडीत परक्याच्या पाटीखाली राबतो. फरक इतकाच, की येथे शिक्का आपला आहे.

हे घडण्यासाठी सरकारी धोरण हवे, धीराचे भांडवल हवे, महाविद्यालयांत परीक्षेपलीकडचे शिक्षण हवे. सरकारी खात्यांनी आणि सहकारी बँकांनी खरेदी करताना देशी उत्पादनाला पहिली संधी दिली, तर त्या उत्पादनाला उभे राहण्यास पायरी मिळेल. परंतु आरंभ घरातूनच व्हावा लागेल. कॅम्पसमधून निवड होऊन मुलगा वा मुलगी घरी येते, तेव्हा आपला पहिला प्रश्न 'पॅकेज किती?' हा असतो. शेजारीही तेच विचारतात. चार मित्रांसह स्वतःचे काही उभे करू पाहणाऱ्या तरुणाला आपण वधूपित्याच्या नजरेने जोखतो आणि तो बिचारा पुन्हा दुसऱ्याच्या कचेरीची वाट धरतो. त्याला दोन वर्षे घरच्या जेवणाचा आणि विश्वासाचा आधार देणे, ही मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडणारी सर्वांत मोठी गुंतवणूक आहे.

आज रात्री जेवताना त्या मुलाला पगार विचारू नका. 'तू काय तयार करतोस आणि ते कुणाचे होते?' एवढेच विचारा. उत्तर देताना तो थबकला, तर त्याला रागावू नका. तो विचार करू लागला आहे, असे समजा.