उठताना डोळ्यांपुढे अंधारी



माझ्या दवाखान्यात येणारे आजी-आजोबा एक तक्रार हमखास करतात, आणि तीही निघता निघता, दाराशी पोचल्यावर. ‘‘डॉक्टर, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. पण क्षणभरच हो!’’ त्या क्षणाविषयी आज मला बोलायचं आहे. कारण त्याकडे दुर्लक्ष करण्याची चूक मी माझ्याच घरात केली.

माझे वडील, आमचे अण्णा, तेव्हा ७८ वर्षांचे होते. अंधारी येते, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी त्यांचा रक्तदाब तपासला, आरामखुर्चीत बसवूनच. वरचा आकडा १३६, खालचा ८०. ‘‘उत्तम आहे अण्णा. वय झालं, थोडं चालायचंच,’’ असं म्हणून मी मोकळा झालो. महिन्याभरात पहाटे चारला ते लघवीला उठले आणि न्हाणीघराच्या दाराशी कोसळले. मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले.

रुग्णालयातल्या परिचारिकेनं त्यांचा रक्तदाब आधी झोपवून आणि मग उभं करून मोजला. आडवे असताना वरचा आकडा १४४; उभं राहिल्यावर तिसऱ्या मिनिटाला १०८! मी मान खाली घातली.

आपण उभे राहतो तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, आणि मेंदू तर वरच्या मजल्यावर राहणारा. दाब कमी झाला की वरच्या मजल्याच्या नळाचं काय होतं, ते शहरात राहणाऱ्यांना सांगायला नको. तरीही आपण पडत नाही, कारण मानेतल्या धमनीच्या फाट्याशी आणि महाधमनीच्या कमानीत दाबावर पहारा ठेवणारे मज्जातंतू आहेत. दाब घटल्याची वर्दी ते मेंदूच्या तळाशी पोचवतात. तिथून हुकूम सुटतो: हृदयाचे ठोके वाढवा, रक्तवाहिन्या आवळा. हे सगळं काही सेकंदांत, आपल्याला न विचारता होतं. म्हणूनच या यंत्रणेला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात.

वयानुसार धमन्या ताठर होतात आणि हे पहारेकरी मंदावतात. हृदयही हुकमाला पूर्वीसारखी चटकन दाद देत नाही. तहान कमी लागते, त्यामुळे पाणी कमी प्यायलं जातं. दीर्घकाळचा मधुमेह आणि पार्किन्सनचा आजार यांत तर हे मज्जातंतूच दुबळे होऊ शकतात. ब्रॅडबरी आणि एगल्स्टन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२५ साली अशा तीन रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर त्याला हा विकार म्हणतात. तो दुर्मीळ नाही. साठीपुढच्या साधारण पाचांपैकी एकात आढळतो.

अण्णांच्या बाबतीत आणखी एक भर होती. रक्तदाबाची गोळी माझी, प्रोस्टेटची गोळी दुसऱ्या डॉक्टरांची. दोन्ही रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या, आणि दोन्ही रात्रीच्या जेवणानंतरच्या. त्या दोन स्ट्रिप शेजारी शेजारी ठेवून कुणी पाहिल्याच नव्हत्या. लघवी वाढवणाऱ्या, नैराश्यावरच्या आणि पार्किन्सनवरच्या काही गोळ्यांनीही असं होऊ शकतं.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, घाबरून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करू नका. वाढलेला रक्तदाब तसाच राहिला, तर पक्षाघाताचा धोका असतोच. सगळी औषधं एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि सांगा, ‘‘आडवं झोपवून मोजा आणि उभं करूनही मोजा.’’ पाच मिनिटं पडून राहिल्यावर एकदा, उभं राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. एवढीच ही तपासणी. संकोच करू नका. माझ्यासारख्या डॉक्टरला आठवण करून द्यावी लागते.

दुसरी गोष्ट उठण्याची. जाग आली की लगेच उभं राहू नका. पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसा, घोटे वर-खाली करा, मुठी आवळा. मग कशाचा तरी आधार घेऊन उठा आणि लगेच चालू लागू नका. अंधारी आलीच तर तिथल्या तिथे खाली बसा. लाज वाटून घेऊ नका. पुरुषांनी रात्री लघवीला बसूनच जावं. भरपेट जेवणानंतर तास-दोन तास दाब आणखी उतरू शकतो, म्हणून थोडं थोडं खावं. पाणी पुरेसं प्यावं. मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर किती प्यायचं आणि मीठ किती खायचं, हे डॉक्टरांनाच विचारावं.

अण्णांच्या गोळ्यांच्या वेळा बदलल्या, एकीचा डोस कमी झाला. पलंगाशी आम्ही एक रात्रीचा दिवा लावला. त्यानंतर ते पाच वर्षं होते, आणि पुन्हा पडले नाहीत. पहाटे ते कडेला बसून घोटे हलवत, तेव्हा पलंग करकरायचा. शेजारच्या खोलीत मला जाग यायची. मी मनातल्या मनात साठपर्यंत आकडे मोजायचो, आणि त्यांची पावलं वाजली की कूस बदलायचो.

आपल्या घरातलं कुणी ‘क्षणभरच हो’ म्हणालं, तर कृपा करून ‘वय झालं’ म्हणू नका. आधी त्यांचा रक्तदाब उभं करून मोजून घ्या.